जुन्या वृत्तपत्रांत पूर्वज शोधताना: नाव नंतर, तारीख आधी

जुनी वृत्तपत्रं स्कॅन होऊन संगणकावर आली, तेव्हापासून घराण्याचा इतिहास शोधणारे बहुतेक जण एकच गोष्ट करतात. शोधचौकटीत पणजोबांचं नाव टाकतात, दोन-चार भलतेच निकाल येतात, आणि 'आमच्याबद्दल कुठे काही छापलेलंच नाही' असं म्हणून विषय बंद करतात. छापलेलं बरंच असतं. शोधाचा क्रम उलटा असल्यामुळे ते हाती लागत नाही. नावावरून तारीख शोधायची नसते. तारीख, गाव आणि वृत्तपत्र आधी ठरवून मग पानावर नाव शोधायचं असतं.

पुढचे टप्पे नाशिक शहर आणि जिल्ह्यातली कुटुंबं डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. क्रम बदलू नका. विशेषतः पहिले दोन टप्पे गाळून थेट चौथ्यावर उडी मारलीत, तर वेळ फुकट जाणार हे नक्की.

## टप्पा 1: आधी घर उपसा

संगणक बंद ठेवा. ज्या एका व्यक्तीपासून सुरुवात करायची ती ठरवा. 'सगळं घराणं' हा शोधाचा विषय होत नाही.

त्या व्यक्तीबद्दल घरात जे कागद असतील ते काढा: लग्नपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशनकार्ड, सातबारा, फेरफाराची नक्कल, भाडेपावत्या, विम्याची कागदपत्रं. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोखाली बऱ्याचदा मृत्यूची तारीख किंवा तिथी लिहिलेली असते. फोटो उतरवून मागची बाजूही बघा, फोटो स्टुडिओचा शिक्का गाव सांगून जातो.

मग घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोला, पण 'आजोबा कोणत्या साली गेले?' असं विचारू नका. साल कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि आग्रह केला की आजी काहीतरी ठोकून देते. घटनेला धरून विचारा. गांधीजींचा खून झाला तेव्हा (जानेवारी 1948) ते होते का? यशवंतराव चव्हाण नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले (1963) तेव्हा? कोयनेचा भूकंप (डिसेंबर 1967), गोदेचा 1969 चा महापूर, 1972 चा दुष्काळ, आणीबाणी? त्या वेळी धाकटी आत्या कितवीत होती, लग्न झालं होतं का? अशा चार-पाच प्रश्नांत साल दोन-तीन वर्षांच्या पट्ट्यात येऊन बसतं.

नाशिककरांच्या बोलण्यात 'सिंहस्थाच्या वर्षी' हे हमखास येतं. फार उपयोगी खूण आहे, पण सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. 1956, 1968 की 1980, हे माणसाच्या वयावरून पडताळा.

एका कागदावर एवढं लिहून काढा: पूर्ण नाव, वडिलांचं नाव, घरात व गावात हाक मारायचं नाव (अण्णा, तात्या, भाऊसाहेब), आडनावाची सगळी रूपं, धंदा किंवा नोकरी, राहता वाडा किंवा गल्ली, मूळ गाव, बायकोचं माहेर, जावयांची आडनावं आणि गावं.

तपासा: जावयांचा रकाना रिकामा आहे का? मग आत्यांना फोन करा. पुढे सहाव्या टप्प्यात हीच आडनावं ओळख पटवतात.

## टप्पा 2: तिथीवरून तारीख काढा

घरोघरी तारीख हरवलेली असते आणि तिथी जपलेली असते, कारण श्राद्ध तिथीने होतं. 'भाद्रपद वद्य पंचमीला आमच्याकडे आजोबांचं असतं' एवढं तरी कुणीतरी सांगतंच. तिथी आणि सालाचा पट्टा हाताशी असला की जुन्या पंचांगावरून तारीख निघते. जुनी छापील पंचांगं मोठ्या वाचनालयांत असतात. संगणकावरची पंचांगंही चालतात, पण त्यात एक मोठा खड्डा आहे.

सावध: इंटरनेटवरची बरीच पंचांगं उत्तरेकडच्या पद्धतीने, म्हणजे पौर्णिमेला महिना संपवून मोजतात. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो. शुद्ध पक्षात दोन्हींचा महिना एकच असतो, वद्य पक्षात मात्र पूर्ण एका महिन्याचा फरक पडतो. आपला पितृपक्ष भाद्रपद वद्यात, तर त्यांचा आश्विन कृष्णात. पंचांगाच्या सेटिंगमध्ये 'अमान्त' निवडलंय का ते आधी बघा.

उदाहरण घेऊ. समजा, आजोबा सिंहस्थाच्या वर्षी, 1968 साली, भाद्रपद वद्य पंचमीला गेले. आपल्या पद्धतीने ती तिथी 11 सप्टेंबर 1968 च्या आसपास येते. उत्तरेकडच्या पंचांगात 'भाद्रपद कृष्ण पंचमी' बघितलीत, तर 13 ऑगस्ट हाती येईल आणि तुम्ही ऑगस्टचा सगळा गठ्ठा चाळून रिकाम्या हाताने परत याल.

आता वार बघा. 11 सप्टेंबर 1968 ला बुधवार होता. आजी म्हणत असेल की 'त्या दिवशी गंगेवर बाजार भरलेला होता, माणसं बाजारातून तशीच घरी आली', तर तारीख पक्की झाली असं धरायला हरकत नाही, कारण गोदाकाठचा आठवडे बाजार बुधवारचा. बाजार, उपास, ग्रहण, सण अशा आठवणी तारखेची दुसरी बाजू भक्कम करतात. तिथी सूर्योदयाला मोजतात आणि माणूस कोणत्याही वेळी जातो, म्हणून एक दिवस मागे-पुढे नेहमी धरा.

या एका तारखेवरून चाळायच्या तारखांची यादी करा:

- निधनाची बातमी: 12 ते 15 सप्टेंबर. संध्याकाळी उशिरा झालेल्या मृत्यूची बातमी दुसऱ्या दिवशी छापून येईलच असं नाही. तालुक्याच्या गावची तर आणखी उशिरा येते.
- दशक्रिया विधीची जाहिरात: दहावा दिवस 20 सप्टेंबरच्या सुमारास, म्हणून 17 ते 20.
- आभाराचं निवेदन, शोकसभेची बातमी: महिनाअखेरपर्यंत.
- प्रथम पुण्यस्मरण: पुढच्या वर्षीची तीच तिथी. इथेच लोक चुकतात आणि 11 सप्टेंबर 1969 चा अंक उघडतात. मध्ये अधिक मास येऊन गेल्यामुळे 1969 साली भाद्रपद वद्य पंचमी 30 सप्टेंबरच्या आसपास आली. तिथीप्रमाणे आणि तारखेप्रमाणे, दोन्ही आठवडे बघा.

त्याहून जुन्या अंकांवर इसवी सनाबरोबर शकही छापलेला असतो, कधी नुसताच शक. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो. मात्र जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या काळासाठी 79 मिळवायचे. पौष-माघ-फाल्गुनातल्या बातम्यांची साल या एका आकड्यामुळे हमखास चुकते.

## टप्पा 3: बातमी कोणत्या वृत्तपत्रात येईल, ते ठरवा

नाशिकचा माणूस म्हणजे नाशिकचं वृत्तपत्र, हे नेहमी खरं नसतं. 'गावकरी' 1938 साली सुरू झाला, तोही साप्ताहिक म्हणून. दैनिक नंतर झाला. 'देशदूत' त्याच्याही बराच नंतरचा. त्याआधीच्या काळात नाशिकच्या बातम्या पुण्या-मुंबईच्या पत्रांत बातमीपत्र म्हणून जायच्या. 'ज्ञानप्रकाश' 1849 पासूनचा, 'केसरी' 1881 पासूनचा. आज नाशिक आवृत्ती असलेल्या मोठ्या दैनिकांची ती आवृत्ती कधी सुरू झाली ते आधी विचारा. त्यापूर्वीच्या काळासाठी त्यांची मुंबई किंवा पुणे आवृत्तीच बघावी लागेल.

जिल्हाही एकसारखा नाही. पंधरा तालुके, आणि प्रत्येकाची ओढ वेगळीकडे. मालेगाव-नांदगावची माणसं धुळे-जळगावची पत्रं वाचायची, येवल्याचं अहमदनगरशी येणं-जाणं, इगतपुरीच्या रेल्वे कामगारांचा मुंबईशी संबंध. आजोबा कुठे राहत होते एवढंच विचारून भागत नाही. त्यांच्या घरी कोणतं वर्तमानपत्र येत होतं हेही विचारा. जाहिरात देणारा मुलगा जे वाचायचा त्यातच ती दिलेली असते.

समाजाची आणि चळवळींची पत्रंही विसरू नका. कुटुंबातलं कुणी काळाराम मंदिर सत्याग्रहात (1930 ते 1935) होतं असं सांगत असतील, तर त्या काळातल्या आंबेडकरी पत्रांतून शोध सुरू करा. जातीच्या संस्थांची मासिकं, शिक्षक संघटनांची पत्रकं, सहकारी बँकांचे अहवाल यांतही नावं भरपूर असतात. दैनिकापेक्षा जास्त असतात असं माझं मत आहे, फक्त ते कुणी उघडत नाही.

सावध: दैनिकांच्या डाक आवृत्ती आणि शहर आवृत्ती वेगळ्या असतात. डाक आवृत्ती लवकर छापून बाहेरगावी जाते. शहरातली उशिराची निधनवार्ता तिच्यात नसते. वाचनालयात जपलेली किंवा स्कॅन झालेली फाईल कोणत्या आवृत्तीची आहे, ते पहिल्या पानावर बघून लिहून ठेवा.

## टप्पा 4: अंक कुठे आहेत, ते शोधा

नाशिकच्या सगळ्या जुन्या पत्रांचे अंक एका संकेतस्थळावर मिळतील, ही आशा सोडा. काळाप्रमाणे ठिकाण बदलतं.

अलीकडची वर्षं. दैनिकांच्या ई-पेपरवर तारीख आणि आवृत्ती निवडून जुना अंक उघडता येतो. किती मागे जाता येतं ते प्रत्येकाचं वेगळं. इथे मिळालेलं कात्रण त्याच दिवशी उतरवून घ्या. ई-पेपरचे दुवे मरतात.

जुना काळ, संगणकावर. इंटरनेट अर्काइव्हवर मराठी नियतकालिकांचे पुष्कळ स्कॅन आहेत, पण मराठी नावं रोमन लिपीत कशीही लिहिलेली आहेत आणि सालही कधी कधी चुकीचं आहे. नाव तीन-चार स्पेलिंगांनी टाका. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ ग्रंथ आणि नियतकालिकं संगणकावर आणली आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या पोर्टलवर सरकारी कागद आहेत. इंग्रज सरकार देशी वृत्तपत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा नियमित काढत असे. मूळ अंक नष्ट झालेल्या पत्रांचा मागमूस या अहवालांतच उरला आहे. इंग्रजी 'टाइम्स ऑफ इंडिया'चे 1838 पासूनचे अंक प्रोक्वेस्ट या कंपनीच्या संगणकीय संग्रहात आहेत; ते सहसा विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मिळतात. कोर्टकचेऱ्या, रेल्वे, देवळालीची छावणी, सरकारी नेमणुका यांसाठी ते उपयोगी. घरगुती निधनवार्तेसाठी नाही.

नाव बदललं असेल तर वृत्तपत्राआधी महाराष्ट्र शासनाचं राजपत्र बघा. आडनाव बदलल्याच्या नोटिसा तिथे असतात आणि त्यात जुनं-नवं नाव शेजारी-शेजारी छापलेलं असतं.

संगणकावर नसेल तर नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, 1840 सालचं, आपल्या 'सावाना'त चौकशी करा. मग त्या वृत्तपत्राचं स्वतःचं कार्यालय. मग मुंबईची एशियाटिक सोसायटी. ग्रंथ आणि वृत्तपत्रं ज्या ग्रंथालयांकडे पाठवणं 1954 च्या कायद्याने आणि 1956 च्या दुरुस्तीने बंधनकारक केलं, त्यांत ती आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि पुणे नगर वाचन मंदिरही यादीत ठेवा.

ग्रंथपालांकडे जाऊन 'आमच्या आजोबांची बातमी बघायचीय' असं म्हणू नका. ते काय करणार? 'गावकरी, सप्टेंबर 1968 ची फाईल, 12 ते 20 तारखा' असं लिहिलेली चिठ्ठी द्या. फाईल बांधणीला गेली आहे, वाळवीने खाल्ली आहे की स्कॅन होऊन संगणकावर आहे, हे पाच मिनिटांत कळतं.

तपासा: जाण्याआधी फोन करून वेळ, सुट्टीचा वार, फोटो काढायला परवानगी आणि शुल्क विचारलं का?

## टप्पा 5: शोधचौकटीला किती विश्वास द्यायचा

आता, इतकं झाल्यावर, शोधचौकट वापरा. पण ती काय वाचते ते समजून घ्या. पुष्कळ संग्रहांत पानांचे नुसते फोटो असतात, त्यातला मजकूर संगणकाने वाचलेलाच नसतो. जिथे वाचलेला असतो तिथे छापखान्यातल्या खिळ्यांचा (धातूच्या अक्षरांचा) झिजलेला छाप, पसरलेली शाई आणि जोडाक्षरं यांमुळे तो अर्धवट असतो. 'निकाल नाही' याचा अर्थ 'बातमी नाही' असा कधीही घेऊ नका.

नाव टाकण्याचे प्रकार:

1. जुनं लेखन. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचे अनुस्वार छापात सगळीकडे आहेत. 'गाव' नाही, 'गांव'. 'नाव' नाही, 'नांव'. नियम आले म्हणून छापखान्याने दुसऱ्या दिवशी खिळे बदलले नाहीत, तेव्हा नंतरच्या काही वर्षांसाठीही दोन्ही रूपं टाका.
2. गावाची रूपं. नाशिक आणि नासिक, दोन्ही. इंग्रजी पत्रांत शेवटी 'एसआयके' असलेलं रूप, आणि एकोणिसाव्या शतकात दोन 'एस' व शेवटी 'सीके' असलेलं.
3. आडनावाशिवाय. जुन्या पत्रांत 'रा. रा. गोविंद रामचंद्र' एवढंच असतं ('रा. रा.' म्हणजे राजमान्य राजेश्री). नाव आणि वडिलांचं नाव अशी जोडी टाका.
4. ऱ्य आणि ऱ्ह. गोऱ्हे, कुऱ्हाडे अशा आडनावांतला अर्धा र संगणकात दोन वेगळ्या पद्धतींनी साठवला जातो. डोळ्यांना सारखा दिसतो, संगणकाला दिसत नाही. तेवढं अक्षर गाळून उरलेला भाग शोधा, 'हाडे' म्हणून.
5. नुसतं आडनाव टाकू नका. पाटील, जाधव, पवार, कुलकर्णी टाकलंत तर जन्म पुरणार नाही. आडनावाबरोबर गल्ली किंवा धंदा जोडा: तिवंधा, घनकर गल्ली, सराफ बाजार, तांबट, वकील, हेडमास्तर.

सावध: युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना सारखीच कळणारी अक्षरपद्धत, रुळण्याआधी मराठी पत्रांची पानं श्री-लिपीसारख्या फाँटमध्ये लागायची. त्या पीडीएफमध्ये मराठी स्पष्ट दिसतं, पण आतला मजकूर संगणकाच्या लेखी इंग्रजी चिन्हांचा काला असतो. एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवून बघा. काला आला, तर शोध बंद करा आणि पानं डोळ्यांनी चाळा.

बायकांचा शोध हा वेगळाच विषय आहे. आजीचं नाव टाकून आजी सापडत नाही, कारण छापलेलं असतं ते 'येथील प्रसिद्ध वकील श्री. अमुक यांच्या मातोश्रींचे निधन'. मजकुरात नाव आलंच तर 'गं. भा.' किंवा 'सौ.' या उपाधीमागे, आणि कधी माहेरच्या नव्हे तर लग्नानंतर ठेवलेल्या नावाने. म्हणून तिच्या मुलांची, नवऱ्याची आणि भावांची नावं टाका. लग्नात नाव बदललं होतं का, हे पहिल्याच टप्प्यात विचारून घ्यायला हवं होतं. नसेल विचारलं तर आत्ता विचारा.

## टप्पा 6: पान चाळा आणि मजकूर सावकाश वाचा

यादीतल्या तारखांचे अंक पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत चाळा. निधनवार्ता सहसा आतल्या पानावर, स्थानिक बातम्यांच्या खाली, एका रकान्यात असतात. पण उरलेल्या जागेत कुठेही टाकलेल्या असतात, हेही तितकंच खरं. जुन्या साप्ताहिकांत 'स्थानिक' किंवा 'वर्तमानसार' या मथळ्याखाली सगळं एका दमात छापलेलं असतं: पाऊस, बाजारभाव, लग्न आणि मृत्यू.

एक नमुना बघू. नावं काढून टाकली आहेत:

'सिन्नर, ता. 12 (वार्ताहर) – येथील जुन्या पिढीतील कापड व्यापारी श्री. – – यांचे काल सायंकाळी राहत्या घरी वयाच्या 75 व्या वर्षी वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, तीन विवाहित कन्या, बंधू व नातवंडे असा मोठा परिवार आहे. नाशिक नगरपालिका शाळेतील शिक्षक श्री. – – यांचे ते वडील होत.'

एवढ्याशा मजकुरात पाच ठिकाणी पाय घसरतो.

'येथील' म्हणजे सिन्नरचा. अंक नाशिकचा असला तरी माणूस सिन्नरचा.

'काल' म्हणजे 11 तारीख, कारण बातमी 12 ला लिहिली आहे. अंक 14 चा असू शकतो. अंकाच्या तारखेतून एक वजा करून 13 लिहिणारे पुष्कळ आहेत. त्याहून जुन्या मजकुरात 'ता. 5 माहे मजकूर' असं येतं, ते चालू महिन्याबद्दल. 'गुदस्त साल' म्हणजे मागचं वर्ष.

'75 व्या वर्षी' म्हणजे 74 पूर्ण होऊन पंचाहत्तरावं चालू. शिवाय वय घरच्यांनी अंदाजाने सांगितलेलं असतं. जन्मसाल काढताना दोन-तीन वर्षांची सूट ठेवा.

'दोन मुले' म्हणजे त्या दिवशी हयात असलेली. आधी गेलेला मुलगा या आकड्यात नसतो. घरच्या वंशावळीत तीन मुलगे असतील तर 'बातमी आपली नाही' म्हणून सोडून देऊ नका.

'बंधू' हा सख्खाच असेल असं नाही. चुलतभावालाही बंधूच लिहितात.

खरा खजिना मात्र बातमीत नसतो, तो जाहिरातीत असतो. 'दशक्रिया विधी रामकुंड, पंचवटी येथे होईल' या चौकटीखाली शोकाकुलांची यादी असते. मुलगे, सुना, मुली आणि जावई, पुतणे, भाचे, नातू, कधी कधी फर्मचं नाव. मुलींच्या नावापुढे सासरचं आडनाव असतं. पहिल्या टप्प्यात लिहिलेली जावयांची आडनावं इथे जुळवा. दोन आडनावं जुळली की माणूस आपलाच. नुसतं नाव जुळलं तर काहीही सिद्ध होत नाही. एकाच नावाची दोन माणसं एका गल्लीत सुद्धा असतात.

दुसरं दुर्लक्षित पान जाहीर नोटिसांचं. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की, मौजे अमुक येथील मिळकत…' अशी सुरुवात असलेल्या वकिलांच्या नोटिशीत मयताचं नाव, वारसांची नावं, गट किंवा सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा असतात. वारस दाखल्यासाठी कोर्टात अर्ज झाला की 'मुंबई रेग्युलेशन 8, सन 1827' असा उल्लेख असलेली नोटीस छापली जाते, आणि तिच्यात अर्जदाराचं मयताशी नातं स्पष्ट लिहिलेलं असतं. अशा नोटिसा मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी येतात, त्यामुळे त्यांना तारखेचा पट्टा लावता येत नाही. जमीन विकल्याचं किंवा वाटणी झाल्याचं साल घरातून कळलं, तर त्या सालाचे अंक धरा.

तपासा: जे पान हवं होतं ते फाईलमध्ये खरंच आहे का? पानांचे क्रमांक मोजा. स्कॅन करताना पुरवणी गाळलेली असते, आणि बांधणीत आतला रकाना अर्धा गिळलेला असतो.

## टप्पा 7: सापडलं की लगेच जतन करा

नुसत्या कात्रणाचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि संपलं, असं करू नका. सहा महिन्यांनी ते कात्रण कोणत्या पत्रातलं, कोणत्या तारखेचं, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

फोटोंचा क्रम ठेवा: आधी पहिल्या पानावरचं वृत्तपत्राचं नाव आणि तारीख, मग ते संपूर्ण पान, मग बातमीचा रकाना जवळून. फ्लॅश बंद, कागद दाबून सपाट करायचा नाही. जुना न्यूजप्रिंट घडीवर तुटतो.

फाईलला नाव देताना साल आधी: '1968-09-14 गावकरी पान 3 निधन'. अशी नावं आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. सोबत एका वहीत वृत्तपत्र, आवृत्ती, तारीख, पान, रकाना आणि अंक कुठे बघितला ते लिहा. मजकूर जसाच्या तसा उतरवा, जुन्या अनुस्वारांसकट; चूक वाटली तरी दुरुस्त करू नका.

## टप्पा 8: पडताळणी

वृत्तपत्राचं कात्रण हा पुरावा नाही, पुराव्याकडे जाण्याची वाट आहे. जातपडताळणीला किंवा वारस नोंदीला नुसतं कात्रण घेऊन जाल, तर तिथून हात हलवत परत याल. कात्रणावरून मिळालेली तारीख घेऊन मूळ नोंद काढा.

शहरातल्या मृत्यूसाठी महानगरपालिकेचा जन्म-मृत्यू विभाग. पण लक्षात ठेवा, महानगरपालिका 1982 साली झाली. त्याआधी नाशिकरोड-देवळाली आणि सातपूरच्या नगरपालिका वेगळ्या होत्या, आणि देवळाली कॅम्पचा कारभार कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे. अर्जात 'नाशिक' एवढंच लिहिलंत तर शोध भलत्याच रजिस्टरात होतो. खेड्यातल्या जुन्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात. त्यासाठी तहसील कार्यालयाचं अभिलेख कक्ष. त्यातल्या जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा माणूस आधीच गाठून ठेवा.

जमीन असेल तर मृत्यूनंतर वारसांचा फेरफार झालेला असतो. जुने स्कॅन केलेले फेरफार 'आपले अभिलेख' पोर्टलवर बघता येतात. जुन्या नोटिशीत सर्व्हे नंबर असेल आणि आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर, तर गोंधळू नका; जमिनीचे तुकडे एकत्र करण्याच्या, म्हणजे एकत्रीकरण योजनेत नंबर बदलले. दोन्हींचा मेळ घालणारा उतारा भूमी अभिलेख कार्यालयात मागा.

बाहेरगावच्या कुटुंबांसाठी आणखी एक वाट आहे. रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरी विधीसाठी पूर्वज येऊन गेले असतील, तर तीर्थपुरोहितांच्या वहीत गाव आणि आडनावाप्रमाणे नोंद असते. मूळ गावाचं नाव नक्की माहीत असेल तरच जा. पुरोहित पहिला प्रश्न तोच विचारतात.

सावध: शोधताना नको ते सापडतं. फौजदारी खटला, दिवाळखोरी, काडीमोड. हयात माणसांशी संबंध असलेलं कात्रण ग्रुपवर टाकण्याआधी त्यांना विचारा.

## काहीच सापडलं नाही तर

आधी वहीत तेच लिहा: कोणतं पत्र, कोणत्या तारखा, कोणते अंक फाईलमध्ये नव्हते. हे लिहिलं नाही तर पुढच्या वर्षी तीच फाईल पुन्हा चाळत बसाल.

मग तारखेचा पट्टा न वाढवता माणूस बदला. आजोबांची बातमी नसेल, पण त्यांच्या थोरल्या भावाची असेल. शोकाकुलांच्या यादीत आजोबा 'बंधू' म्हणून सापडतील. जावयाच्या गावचं पत्र बघा, कारण जाहिरात बऱ्याचदा थोरला जावई देतो. निवडणुकीच्या उमेदवारांच्या याद्या, सहकारी सोसायटीचे संचालक, शाळांचे बक्षीस समारंभ, परीक्षांचे निकाल बघा. मृत्यूची बातमी न आलेला माणूस यांपैकी एखाद्या यादीत हयातीतच छापून आलेला असतो. त्यासाठी दुसऱ्या टप्प्यावर परत जा आणि निवडणुकीची किंवा समारंभाची तारीख काढून तिचा नवा तक्ता करा.